थंडीत सुरू न होणारे जुने डिझेल इंजिन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

थंडीचे दिवस आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत जुन्या डिझेल गाड्यांच्या तक्रारी अचानक वाढतात. ‘सकाळी गाडी सुरू होत नाही’ हे वाक्य सर्वांचे सारखे असले, तरी त्यामागची कारणे एकमेकांपासून बरीच दूरची असतात, म्हणून या वेळी सगळा स्तंभ याच एका विषयाला दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन साध्या यांत्रिक पंपाचे आहे. एकदा गरम झाले की दिवसभर नुसती किल्ली फिरवताच सुरू होते. थंडीच्या पहाटे मात्र सेल्फ जोरात फिरूनही तीन-चार वेळा तो मारावा लागतो. सुरू झाल्यावर मिनिटभर इंजिन थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मग काही झालेच नाही अशा थाटात चालू लागते. एका मेकॅनिकने बॅटरी बदलायला सांगितली, दुसऱ्याने इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग), तर तिसरा डिझेल पंपच उतरवू म्हणतो. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : निम्मे निदान आपल्या पत्रातच आहे. सेल्फ जोरात फिरतो, त्याअर्थी बॅटरीवर संशय घेण्याचे कारण नाही, आणि गरम इंजिन तत्काळ सुरू होऊन दिवसभर बिनतक्रार चालते, त्याअर्थी पंप उतरवण्याची घाई करू नये. तिसऱ्या मेकॅनिकला तूर्त नम्रपणे नकार द्यावा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टनने दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जुन्या प्री-चेंबर पद्धतीच्या, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कप्प्यात डिझेल फवारणाऱ्या, इंजिनांत ही हवा साधारण २० ते २३ पट दाबली जाते. इंजिन गरम असेल तर एवढ्या दाबाने निर्माण होणारी उष्णता डिझेल पेटवायला पुरून उरते; पण रात्रभर गारठलेल्या इंजिनात आजूबाजूचे लोखंड त्या उष्णतेचा मोठा वाटा शोषून घेते. प्री-चेंबरच्या भिंतींचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे तेथे हे नुकसान अधिकच होते, आणि म्हणूनच अशा इंजिनांना प्रत्येक सिलिंडरमागे एक ग्लो प्लग, म्हणजे विजेने तापणारी छोटी कांडी, दिलेला असतो. डिझेल थेट पिस्टनवरच्या खळग्यात फवारणारी इंजिने तुलनेने कमी कुरकुर करतात. त्यांपैकी काहींना ग्लो प्लग नसतातच, इनलेट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) हवा तापवणारा एखादा हीटर असतो.

कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी एक तपासणी करावी, तिला खर्च काहीच नाही. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून आपण सायलेन्सरच्या तोंडाशी, जरा बाजूला, उभे राहावे. सेल्फ फिरत असताना मुळीच धूर येत नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचत नाही. दाट पांढरा धूर येत असेल आणि त्याला कच्च्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजेच उष्णता कमी पडते आहे. हा एवढा भेद आधी केला, तर निम्मा अनावश्यक खर्च तेथेच वाचतो. आपल्या इंजिनाचा पांढरा धूर आणि मिनिटभराची थरथर पाहता एक-दोन सिलिंडर थंड असताना पेट घेत नाहीत आणि बाकीच्यांच्या जोरावर इंजिन तापले की तेही कामाला लागतात, असे दिसते. ग्लो प्लग जळाल्याचे हे नेहमीचे लक्षण आहे.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागून विझतो म्हणून प्लग चांगले आहेत, असे कृपया समजू नये. अनेक गाड्यांत तो दिवा केवळ ठरावीक वेळ मोजतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो आपला इमानेइतबारे लागतो आणि विझतो.

प्लग तपासण्यासाठी त्यांना एकमेकांशी जोडणारी धातूची पट्टी किंवा वायर काढावी, म्हणजे प्रत्येक प्लग सुटा होतो. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या डोक्याला आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावे. १२ व्होल्टचा साधा प्लग चांगला असेल तर रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसतो; मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटलेली आहे. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी प्लगच्या डोक्याला लावावी. दिवा लागला नाही तर तो प्लग गेला. मात्र दिवा लागला म्हणून प्लग पुरेसा तापतोच असे नाही. खात्री हवी असेल तर क्लॅम्प मीटरने प्रत्येक प्लग किती करंट घेतो ते पाहावे. धातूच्या नळीचा नेहमीचा प्लग सुरुवातीला १५ ते २० अँपिअर घेतो आणि तापत जाईल तसा करंट उतरतो.

चारही प्लग चांगले निघाले तर पट्टी पुन्हा बसवून, किल्ली ग्लोच्या जागी ठेवून, पट्टीवर किती व्होल्टेज येते ते मोजावे. ते बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळपास यायला हवे. काहीच येत नसेल तर दोष रिलेत (प्लगना वीज जोडणाऱ्या विजेवरच्या स्विचमध्ये) किंवा त्याच्या फ्यूजमध्ये आहे. येथे एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुन्या गाड्यांत हा फ्यूज बहुधा दोन स्क्रूंखाली कसलेली धातूची पातळ पट्टी असतो. वर्षानुवर्षे तापून आणि निवून त्या पट्टीला स्क्रूच्या कडेशी केसाएवढी भेग पडते. नुसते पाहिले तर पट्टी अखंड दिसते, मीटरवरही कधी अखंड लागते. पण मोठा करंट जाऊ लागला की भेग उघडते आणि पुरवठा तुटतो. पट्टी काढून, किंचित वाकवून, उजेडाकडे धरून पाहावी.

प्लग काढताना घाई झाली तर काम फार महागात जाते. आदल्या रात्री प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी इंजिन चालवून गरम करावे आणि मग हाताच्या पान्याने सावकाश सैल करावा. घट्ट लागला की उलट दिशेने थोडा आवळून पुन्हा सोडवावा. प्लगचे टोक फुगलेले असेल किंवा भोकात कार्बन साठला असेल, तर प्लग मध्येच मोडतो आणि सिलिंडर हेड उतरवण्याची वेळ येते. नवा प्लग बसवण्यापूर्वी भोकातला कार्बन त्यासाठीच्या रीमरने (भोक खरवडून साफ करणाऱ्या हत्याराने) काढावा आणि प्लग उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच आवळावा. बदलायचेच तर चारही एकदम बदलावेत, कारण उरलेल्यांचेही वय तेवढेच असते. प्लगवर छापलेले व्होल्टेज जुळवून पाहावे: काही प्लग १२ व्होल्टपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजचे असतात, आणि असा प्लग चाचणीसाठी थेट बॅटरीला जोडला तर काही क्षणांत जळतो.

प्रश्न : नवी बॅटरी टाकली, तरी थंडीत सेल्फ जड, रडत फिरतो. दुपारी तोच सेल्फ ठीक असतो. बॅटरी सदोष निघाली असेल का?

उत्तर : शक्य आहे, पण आधी मोजून पाहावे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असेल तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी. सेल्फ मारताना ते साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये. गारठ्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता घटते, उणे १८ अंश सेल्सिअसला तर ती जवळजवळ निम्म्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल इंजिन फिरवायला अधिक ताकद मागते. त्यातच चार ग्लो प्लग सेल्फच्या आधीच बॅटरीतून ५०-६० अँपिअर ओढून घेतात.

बॅटरी निर्दोष असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर दोष बहुतेकदा वायरींत सापडतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टच्या जवळपास आकडा आला तर अर्थिंग खराब आहे असे समजावे. चांगल्या वायरीत तो ०.२ च्या आत असतो. हीच तपासणी बॅटरीचा प्लस आणि सेल्फवरचा मोठा बोल्ट यांच्यामध्येही करावी. इंजिनापासून चॅसीपर्यंत जाणारी विणलेली अर्थची पट्टी वरून चांगली दिसत असली तरी तिच्या दाबून बसवलेल्या टोकाच्या आत हिरवी बुकटी साठलेली असते. टोक खरवडून भागत नाही, पट्टीच बदलावी लागते.

मंद फिरणाऱ्या सेल्फचा तोटा दुहेरी असतो. इंजिन मिनिटाला शंभराच्या आतबाहेर फेरे मारत असेल, तर दाबली जाणारी हवा पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो आणि उरलेल्या हवेची उष्णताही सिलिंडरच्या भिंतींत जिरते. दीडशे-दोनशे फेऱ्यांवर हेच इंजिन निमूट सुरू होते. ऑइलही एकदा तपासावे. उन्हाळ्यात भरलेले २०डब्ल्यू-५० थंड प्रदेशात हिवाळाभर ठेवणे म्हणजे सेल्फला चिखलातून ओढायला लावणे आहे. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर १५डब्ल्यू-४० किंवा त्याहून पातळ ग्रेड वापरावी. आणि एक दक्षता : सेल्फ सलग १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये निदान अर्धा मिनिट विश्रांती द्यावी, नाहीतर मूळ दोष सापडण्याआधी सेल्फच जळेल.

प्रश्न : ग्लो प्लग, रिले आणि बॅटरी असे सगळे नवे घातले आहे. सकाळी गाडी लगेच सुरू होते, दोन-तीन सेकंद चालते आणि बंद पडते. मग बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि तेव्हा धूर अजिबात येत नाही. चढावर, तोंड वर करून उभी केली तर त्रास नक्की होतो.

उत्तर : धूर येत नाही ही नोंद आपण केलीत, हे फार चांगले झाले. आपल्या गाडीचा आजार उष्णतेचा नाही. डिझेलच्या लाइनीत हवा शिरते आहे आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरून जाते आहे. पहिले दोन-तीन सेकंद इंजिन पंपात उरलेल्या डिझेलवर चालते, मग हवेचा फुगा पंपात येतो. तोंड वर असताना इंजिन टाकीच्या तुलनेत उंच जाते आणि डिझेल मागे उतरणे सोपे होते. त्रास थंडीतच जास्त जाणवतो, कारण रबरी सील आणि जुने पाइप गारठ्यात आखडून आपली पकड सोडतात.

‘कोठेही डिझेल गळत नाही’ असे अशा वेळी हमखास सांगितले जाते. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीखाली चालतो, त्यामुळे तेथली फट डिझेल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेते आणि बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत दिसते. यावर साधा उपाय म्हणजे फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक, डिझेलला टिकणाऱ्या नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता बसवणे. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी ती नळी पाहावी. तिच्यात रिकामी जागा किंवा सेल्फ मारताना धावणारे बुडबुडे दिसले की शंका उरत नाही.

हवा नेमकी कोठून शिरते ते शोधताना फिल्टरचे रबरी रिंग, डिझेल हाताने चढवणाऱ्या हँडपंपाचा व्हॉल्व्ह आणि बॅन्जो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वॉशर आधी पाहाव्यात. या वॉशर एकदा दबल्या की पुन्हा नीट बसत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी नव्या घालाव्यात. इंजेक्टरांना एकमेकांशी जोडणारे, वरून सुताचे वेष्टण असलेले बारीक परतीचे पाइप मात्र जवळजवळ सगळेजण विसरतात. या पाइपांतील रबर उष्णतेने कडक होऊन चिरते, पण वरचे वेष्टण ती चीर झाकून ठेवते. पाइप बोटांत धरून वाकवावा. आतून कडकड जाणवली किंवा वेष्टण ओलसर लागले तर सगळा संच बदलावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

तरीही दोष सापडला नाही तर स्वच्छ डिझेलची छोटी बाटली पंपापेक्षा उंच टांगून, पंपाची आत येणारी आणि परतीची अशा दोन्ही नळ्या तिच्यात सोडाव्यात आणि इंजिन एकदा चालवून गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी ती पहिल्या सेल्फला सुरू होऊन चालत राहिली, तर पंप आणि इंजेक्टर निर्दोष आहेत आणि दोष बाटलीने वगळलेल्या भागात, म्हणजे टाकी ते फिल्टर यांच्या दरम्यान किंवा परतीच्या लाइनीत आहे. तरीही बंद पडलीच, तर पंपाच्या शाफ्टचे सील पाहावे लागेल. हवा काढण्यासाठी इंजेक्टरचे नट सैल करणे जुन्या यांत्रिक पंपावर चालते, पण नट फक्त पाव फेरा सोडावा आणि हात दूर ठेवावा. उच्च दाबाने निघालेली डिझेलची धार कातडीत शिरते आणि ती जखम दिसायला लहान असली तरी गंभीर असते. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच अतिउच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या इंजिनावर, हे कधीही करू नये.

प्रश्न : स्टार्टिंग स्प्रे मारला की माझी गाडी लगेच सुरू होते. रोज मारला तर काही नुकसान आहे का?

उत्तर : आहे, आणि ते भरून न येणारे आहे. या स्प्रेमध्ये ईथर असते आणि ते डिझेलच्या बरेच आधी, सुमारे १६० अंश सेल्सिअसलाच पेट घेते. पिस्टन अजून वर चढत असताना स्फोट झाला तर त्याचा धक्का पिस्टनवर, रिंगांवर आणि त्यांच्या खाचांच्या कडांवर बसतो. रिंगा मोडल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा तयार होणारा दाब, आणखी घटते, मग आणखी स्प्रे लागतो. ‘इंजिनाला स्प्रेची सवय लागली’ असे लोक म्हणतात ते हेच. ग्लो प्लग किंवा मॅनिफोल्डमधला हीटर तापलेला असताना स्प्रे मारणे तर सरळ आगीला आमंत्रण आहे. उत्पादकाने स्वतः ईथरची सोय करून दिलेल्या इंजिनांची गोष्ट वेगळी. आपल्या गाडीला ग्लो प्लग असतील तर डबा टाकून द्यावा.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होते, पण थोडे अंतर गेल्यावर ताकद जाऊन बंद पडते. डिझेल गोठू नये म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल मिसळावे असे काहीजण सांगतात.

उत्तर : डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. तापमान पुरेसे उतरले की त्यांचे बारीक स्फटिक बनून डिझेल गढूळ दिसते आणि आणखी उतरले की ते स्फटिक फिल्टरचा कागद बुजवतात. पंपातल्या डिझेलवर इंजिन सुरू होते आणि फिल्टर बुजला की मरते, म्हणून आपली गाडी थोडे अंतर जाऊन थांबते. मेण एकदा धरल्यावर गोठणरोधक मिश्रण ओतून उपयोग होत नाही, ते डिझेल पातळ असतानाच घालावे लागते. खरा उपाय म्हणजे थंडी येण्यापूर्वीच टाकीत हिवाळी दर्जाचे डिझेल असणे. उन्हाळ्यात भरलेली टाकी हिवाळ्यापर्यंत पुरवणाऱ्यांना हा त्रास हटकून होतो. गाडी अडलीच तर फिल्टरभोवती फडके गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतावे, उघडी ज्योत जवळ नेऊ नये. फिल्टरच्या तळाचे पाणी थंडीपूर्वी काढून टाकावे, कारण तेही गोठते.

पेट्रोल मिसळू नये. थोड्याशा पेट्रोलनेही टाकीतील वाफ पेट घेण्याजोगी होते. रॉकेलने मेण धरणे लांबते हे खरे, पण रोटरी पंपाच्या (एकाच फिरत्या भागातून सर्व सिलिंडरांना डिझेल वाटणाऱ्या पंपाच्या) आतल्या भागांना डिझेलच वंगण पुरवते आणि रॉकेलमध्ये ते गुण कमी असतात. शिवाय कित्येक देशांत रस्त्यावरच्या वाहनात रॉकेल घालणे बेकायदाही आहे.

प्रश्न : माझ्या गाडीला ‘कोल्ड स्टार्ट’ची एक ओढायची गुंडी आहे. ती नेमके काय करते? सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहावा का?

उत्तर : गारठ्यात डिझेल फवारल्यापासून पेट घेईपर्यंत जास्त वेळ जातो. ती गुंडी पंपाचे टायमिंग थोडे पुढे घेते, म्हणजे फवारा लवकर सुरू होऊन पेट वेळेवर घेतला जातो. ती चालते की नाही हे कानाने कळते : थंड इंजिन सुरू असताना गुंडी ओढली की आवाज कडक, ठोकल्यासारखा व्हायला हवा. काहीच फरक पडला नाही तर केबल पंपावरच्या लिव्हरपासून निसटलेली असेल. पुढच्या काळातल्या अनेक पंपांवर हेच काम तापमानानुसार आपोआप करणारा मेणाचा घटक असतो, तो अडकला तरी पहाटे असाच त्रास होतो. अ‍ॅक्सिलरेटर वारंवार मारण्याने काही साधत नाही. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीत त्याने जादा इंधन जाते, येथे जात नाही. काही जुन्या इनलाइन पंपांवर (प्रत्येक सिलिंडरसाठी ओळीने वेगळा दट्ट्या असलेल्या पंपांवर) तो दाबून धरल्याने सुरुवातीचे जादा डिझेल मिळते, पण ते मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तरच करावे.

प्रश्न : वर सांगितलेले सारे करून झाले आहे, इंजिन बरेच चाललेले आहे आणि ऑइलही खाते. आता काय?

उत्तर : आता कॉम्प्रेशन मोजावे, पण त्याआधी टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली बारीक फट जुळवणे, करून घ्यावे. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे आपल्या सीटमध्ये खोल रुतत जातात, त्यामुळे स्क्रूने सेट होणाऱ्या टॅपेटची फट कमी होत होत संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. फीलर गेजने तासाभरात होणाऱ्या या कामाने मेलेले वाटणारे इंजिन कधीकधी सरळ सुरू होते.

मग सगळे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून डिझेलसाठीच्या गेजने मोजणी करावी. पेट्रोल इंजिनाचे गेज हा दाब सहन करू शकत नाही. प्री-चेंबर इंजिन धडधाकट असेल तर साधारण २५ ते ३० बार दाखवते आणि २० च्या खाली उतरलेले सिलिंडर थंडीत त्रास देणारच. चारही आकडे सारखेच उतरलेले आहेत की एखादाच, हे पाहणे महत्त्वाचे आहे. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे : आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइल चमचाभरापेक्षा जास्त नको, कारण डिझेल इंजिनात पिस्टनवर उरणारी जागा अगदी थोडी असते आणि ती भरली तर इंजिन अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो.

चारही सिलिंडर मर्यादेच्या जरा खाली असतील आणि इंजिन खोलण्याची तयारी नसेल, तर कुलंट तापवणारा विजेवरचा हीटर बसवून घ्यावा. निघण्यापूर्वी दोन तास तो चालू ठेवला की इंजिन कोमट होऊन सुरू होते आणि अशा इंजिनाकडून आणखी एखाद-दोन हिवाळे काम काढता येते. मात्र ऑइलची पातळी दर आठवड्याला उतरू लागली आणि ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस वाफ येऊ लागली, तर हीटरवर पैसे घालण्याऐवजी रिंगा आणि लायनरचे (सिलिंडरच्या आतल्या अस्तराचे) काम काढावे.